ढोल-ताशा पथकांतील वादकांची सुरक्षा (पुणे)

पुण्यातील गणेशोत्सवाच्या व गुढीपाडव्याच्या मिरवणुकांत ढोल, ताशा, झांज वाजवणाऱ्या आणि ध्वज नाचवणाऱ्या पथकांत महाविद्यालयीन मुला-मुलींचा भरणा मोठा असतो. त्यांच्या शरीराची, कानांची आणि गर्दीतील वावराची काळजी घेण्याच्या रीती पथकागणिक वेगळ्या आहेत.

अनंत चतुर्दशीला मंडईतील टिळक पुतळ्यापासून निघणारी मिरवणूक लक्ष्मी रस्त्याने अलका टॉकीज चौकाकडे सरकते. मानाचे पाच गणपती पुढे जातात. मागची मंडळे बेलबाग चौकाच्या अलीकडे तासन्‌तास खोळंबतात. अलीकडे ही मिरवणूक २४ तासांपलीकडे लांबते. वादकांचे खरे हाल या खोळंब्यात होतात. वादन थांबते, पण ढोल कंबरेलाच बांधलेला असतो. पोटात सकाळचे पोहे, वर दमट ऊन, आणि जवळ स्वच्छतागृह नाही म्हणून बऱ्याच मुली पाणीच पीत नाहीत. चक्कर येते ती अशा वेळी. मिरवणूक थांबली की ढोल सोडून खाली ठेवायला लावणारा आणि पाणी-केळी फिरवणारा पथकप्रमुख म्हणूनच मोलाचा.

कानांकडे मात्र फारच दुर्लक्ष होते. कामाच्या जागी ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. ताशा तर वादकाच्या कानापासून हातभरावर कडाडतो. कापसाच्या बोळ्याने फारसा फरक पडत नाही, फोमचे इअरप्लग लागतात. मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजत राहणे ही इजेची खूण आहे.

पथकाभोवती दोर धरणारे स्वयंसेवक बघ्यांना आत शिरू देत नाहीत आणि कोसळलेल्या वादकाला बाहेर काढतात. मागून येणाऱ्या रथाची चाके आणि ध्वजाच्या काठीला लागू शकणाऱ्या विजेच्या तारा यांवरही त्यांचीच नजर असावी लागते.

२०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पथकातील वादकांची संख्या ३० पर्यंत मर्यादित केली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याच सप्टेंबरमध्ये त्याला स्थगिती दिली. तो वाद आवाजाचा होता. तरी अरुंद रस्त्यावर माणसे वाढली की दोराच्या आत हालायला जागा उरत नाही. अशा वेळी तुकड्या पाडून आलटून पालटून वाजवणे सोयीचे ठरते, आणि त्यात प्रत्येकाला ढोल सोडून बसायलाही मिळते.