झोंगग्वोथोंग की हानश्वेजिया? चिनी बोलणाऱ्या परदेशी माणसाला म्हणायचं काय

कुणी गोरा माणूस चीनच्या बाजारात फाडफाड चिनी बोलून भाव पाडतो, त्याचा व्हिडिओ फिरतो आणि मराठीत वर मथळा झळकतो : 'चीनतज्ज्ञ'. टीव्हीवरच्या चर्चेतही हेच. पाहुण्यांना चिनी येतं ना, मग ते तज्ज्ञ. आणि तज्ज्ञ म्हटल्यावर पट्टीवर 'सायनॉलॉजिस्ट' लिहायलाही हरकत नाही! खुद्द चिनी लोकांकडे अशा परदेशी माणसांसाठी झोंगग्वोथोंग आणि हानश्वेजिया असे दोन वेगळे शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

त्यातला हानश्वेजिया, म्हणजे सायनॉलॉजिस्ट, चीनविद्येचा अभ्यासक, आपल्या ओळखीचा आहे. विद्यापीठ, जुने ग्रंथ, तळटीपा. एक बारकावा तेवढा ध्यानात ठेवा : हा शब्द एरवी परदेशी अभ्यासकालाच लावतात. बीजिंगचा प्राध्यापक जन्मभर कन्फ्युशियस शिकवत असला, तरी त्याची ती 'ग्वोश्वे', म्हणजे स्वदेशविद्या.

झोंगग्वोथोंगमधला 'झोंगग्वो' म्हणजे चीन आणि 'थोंग'चा अर्थ आरपार जाणं, वाट मोकळी असणं. चीनमध्ये ज्याचं कुठे अडत नाही, तो झोंगग्वोथोंग. मेजवानीत यजमानाने कुठे बसायचं, कुणाचा पेला आधी भरायचा, हे त्याला सांगावं लागत नाही. सरकारी कचेरीतला साहेब 'यानज्यू यानज्यू' म्हणाला, तर शब्दशः अर्थ होतो 'अभ्यास करून बघू'. झोंगग्वोथोंगला त्यातला नकार तर ऐकू येतोच, शिवाय सूर जरा बदलला की त्याच उच्चाराचा 'सिगारेट आणि दारू' असा अर्थ होतो, हा चिनी लोकांचा जुना विनोदही ठाऊक असतो.

खरा घोळ इथून पुढे. बहुतेकांना वाटतं की ही एकाच जिन्याची पायरी-पायरी आहे : आधी थोडं चिनी, मग फर्डं चिनी, मग झोंगग्वोथोंग आणि सगळ्यात वर हानश्वेजिया. असा जिनाच नाही. आर्थर वेली हे इंग्रज गृहस्थ 1913 मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीला लागले आणि तिथे स्वतःच्या स्वतः चिनी शिकले. चिनी कवितेची गोडी इंग्रजी वाचकाला लावली ती मुख्यतः त्यांच्या अनुवादांनी. हा माणूस चीनला कधी गेला नाही आणि आजचं चिनी त्यांना बोलता येत नव्हतं. तरी ते हानश्वेजिया, आणि पहिल्या रांगेतले. पेशवे दफ्तरातली मोडी सरसर वाचणाऱ्या परदेशी संशोधकाला मंडईत कोथिंबिरीचा भाव विचारता येईलच असं थोडंच आहे? चिनीत तर ही दरी आणखी रुंद, कारण जुन्या ग्रंथांची 'वेनयान' शैली बोलीपासून फार दूर आहे आणि चिनी अक्षराचा अर्थ त्याचा उच्चार येत नसतानाही लावता येतो.

याच्या उलट टोकाला दाशान. मूळ नाव मार्क राउझवेल, राहणार कॅनडा. 1988 मध्ये पेकिंग विद्यापीठात शिकायला आला, च्यांग कुन या नामवंत कलावंताचा शिष्य होऊन 'श्यांगशेंग' हा जोडीने करायचा हजरजबाबी विनोदी प्रकार शिकला आणि चिनी टीव्हीवर घराघरांत पोचला. त्याला झोंगग्वोथोंग म्हणतात ते रास्तच. हानश्वेजिया म्हणायचं कारण नाही, आणि त्यात त्याचा काही अपमानही नाही.

दोन्ही शब्द शेजारी-शेजारी बघायचे तर ऑस्ट्रेलियात बघा. पुढे पंतप्रधान झालेले केविन रड विद्यार्थिदशेत चिनी राजवटीचे टीकाकार वेई जिंगशेंग यांच्यावर प्रबंध लिहीत होते, आणि त्यांचे मार्गदर्शक होते मूळचे बेल्जियमचे पिएर रिकमान्स. गुरू चिनी चित्रकला आणि अभिजात साहित्यात मुरलेले हानश्वेजिया. शिष्याने 2008 मध्ये पेकिंग विद्यापीठात चिनीतून भाषण केलं आणि तिबेटचा विषय काढताना 'झेंगयोउ', म्हणजे तोंडावर चूक सांगणारा मित्र, हा जुना शब्द वापरला. कुठला शब्द कुठे टाकायचा हे कळणं, ही झोंगग्वोथोंगची करामत.

आता आपली माणसं. पुण्याचे पु. वि. बापट चिनी वाचत, पण कशासाठी? 'विमुत्तिमग्ग' या बौद्ध ग्रंथाचं पाली मूळ हरवलं आणि चिनी अनुवाद उरला, म्हणून. त्याची 'विसुद्धिमग्ग' या दुसऱ्या बौद्ध ग्रंथाशी तुलना करणारा त्यांचा ग्रंथ 1937 मध्ये पुण्यात निघाला. चिनीच्या वाटेने ते भारताकडेच येत होते. त्यांना बौद्धविद्येचे पंडित म्हणावं, चीनतज्ज्ञ नव्हे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, चिनी शिकले, त्याच भाषेत रुग्ण आणि विद्यार्थी सांभाळले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. चिनी लोक त्यांना 'आंतरराष्ट्रीय मित्र' म्हणतात. दोन्हींपैकी एकही शिक्का त्यांच्यावर मारायची गरज कुणाला वाटली नाही.

झोंगग्वोथोंग ही पदवी दुसऱ्याने द्यायची असते, हेही सांगायला हवं. टॅक्सीवाल्याने दोन वाक्यांवर खूश होऊन ती दिली तर तो त्याचा शिष्टाचार. आपण चिनी रीतीने 'कुठे, कुठे', म्हणजे 'छे, मी कसला!', म्हणत ती परतवायची. स्वतःच्या ओळखपत्रावर ती छापणारे लोक आहेत. त्यांच्याशी चीनबद्दल बोलायला मी जात नाही.

मग मराठीत काय लिहावं? झोंगग्वोथोंगला 'चीनचा जाणकार', हानश्वेजियाला 'चीनविद्येचा अभ्यासक', आणि ज्याला नुसतं बोलता येतं त्याला 'चिनी बोलणारा'. 'चीनतज्ज्ञ' मी वापरतच नाही. तो इतका घासला गेलाय की त्यातून काही कळत नाही. 'चिनीभाषिक' तर नकोच नको. भाषिक म्हणजे भाषेचा, भाषेसंबंधीचा. बोलणारा तो भाषक. पण 'चिनीभाषक परदेशी' म्हटलं की सिंगापूरचा चिनी वंशाचा माणूसही त्यात येतो. पासपोर्टने तो परदेशीच, पण त्याच्यासाठी शब्द आहे 'हुआरेन', आणि तो आपल्या मँडरिनला, म्हणजे प्रमाण चिनीला, 'हुआयू' म्हणतो. त्याला कौतुकाने झोंगग्वोथोंग म्हणायला जाऊ नका.