दहाव्या वर्षीची लस आणि आजीचा मोबाइल नंबर

बाळ सहा आठवड्यांचं झालं की आशाताई दारात हजर. पुढे दहा आठवडे, चौदा आठवडे, नवव्या महिन्यातला गोवर. पाच-सहा वर्षांचा डोस झाला की लसीचं कार्ड पेटीत जातं आणि पुढचं कुणाच्याच लक्षात राहत नाही. खरं तर 10 आणि 16 व्या वर्षी टीडीची लस असते, धनुर्वात आणि घटसर्प यांच्यापासून वाचवणारी. लहानपणीच्या डोसांचं संरक्षण हळूहळू ओसरतं. नवा डोस मिळाला की रोगाची जुनी ओळख जपणाऱ्या पेशी पुन्हा भराभर प्रतिपिंडं बनवू लागतात. शेतात अनवाणी वावरणाऱ्या पोरांना याची गरज किती, हे वेगळं सांगायला नको.

हा डोस चुकतो तो विरोधामुळे कमी आणि विसरल्यामुळे जास्त, असं मला वाटतं. आठवण करून दिल्याने फरक पडतो, याला भक्कम पुरावा आहे. 10 देशांतल्या 75 अभ्यासांचा आढावा वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेने 2018 मध्ये घेतला. पत्र, मेसेज किंवा फोनने आठवण करून दिल्यावर लस घेणारे शंभरामागे सरासरी 8 जणांनी वाढले. किशोरवयीन मुलांतही वाढ दिसली. सगळ्यांत जास्त उपयोग झाला तो माणसाने स्वतः केलेल्या फोनचा.

एचपीव्ही या विषाणूवरच्या लसीलाही हेच लागू आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी ही लस मुलींना 9 ते 14 या वयात द्यायची. या कर्करोगाबाबत धाराशिव जिल्ह्याने जगाला मोठं ज्ञान दिलंय: एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे इथल्या खेड्यांतल्या बायकांच्या सहभागातून 2009 मध्ये सिद्ध झालं. त्यांच्या नातींना लस वेळेवर मिळायलाच हवी.

पण मराठवाड्यात आठवण करून द्यायची कुणाला? दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मेसेज जातो बापाच्या मोबाइलवर, बाप असतो उसाच्या फडात आणि पोरगी गावात आजीजवळ. म्हणून शाळेने जूनमध्येच आजीचा किंवा चुलत्याचा नंबर लिहून घ्यावा, पाचवी आणि दहावीची यादी आशाताईंना द्यावी आणि टोळी हलण्याआधी एक फोन करावा: “मावशी, गुरुवारी उपकेंद्रात पोरीला टीडी द्यायचीय, पैसे लागत नाहीत, कार्ड घेऊन या.” कार्ड सापडलं नाही तरी या, हेही आवर्जून सांगावं.