हार, दोन्ही अर्थांनी

१ एप्रिल २०२४. वानखेडेवर मुंबई इंडियन्स आणि राजस्थान रॉयल्स यांची नाणेफेक. मुंबईचा नवा कर्णधार हार्दिक पंड्याचं नाव पुकारलं गेलं आणि घरच्याच मैदानावर, आपलाच निळा रंग अंगावर घातलेल्या लोकांनी त्याची हुर्यो उडवली. शेवटी सूत्रसंचालन करणाऱ्या संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. तीन महिन्यांनी, ४ जुलैला, टी-२० विश्वचषक घेतलेली उघडी बस नरिमन पॉइंटहून निघून मरीन ड्राइव्हच्या माणसांच्या समुद्रातून वाट काढत त्याच वानखेडेवर पोहोचली. आणि त्याच स्टेडियमने हार्दिकच्या नावाचा गजर केला.

मधे घडलं होतं बार्बाडोसमधलं, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं एक षटक. दक्षिण आफ्रिकेला सहा चेंडूंत १६ धावा हव्या होत्या, चेंडू हार्दिकच्या हातात. पहिल्याच चेंडूवर डेव्हिड मिलरचा झेल सूर्यकुमारने सीमारेषेवर आत-बाहेर करत टिपला, आणि भारत ७ धावांनी जिंकला.

या उलट्या-पालट्या वागण्यावरून तेव्हा मुंबईच्या प्रेक्षकाला खूप बोल लावले गेले. गर्दीला अक्कल नसते, गर्दी कृतघ्न असते, वगैरे. मला ते पटत नाही. एप्रिलमधली हुर्यो ऐकताना मला त्यात एक ओळखीचा सूर ऐकू येत होता. पाच विजेतेपदं मिळवून देणाऱ्या रोहित शर्माला, बोरिवलीच्या पोराला, बाजूला करून त्याच्या जागी दुसऱ्या संघातून आणलेला कर्णधार बसवला होता. संध्याकाळची चर्चगेट-विरार पकडून घरी जाणाऱ्या किती माणसांनी हे आपल्या कचेरीत पाहिलेलं असतं! पंधरा वर्षं खपलेला माणूस एका ईमेलने बाजूला होतो, त्याच्या खुर्चीवर वरून कोणीतरी येतो, आणि तिथे तोंड उघडायची सोय नसते. वानखेडेवर ती सोय होती. हार्दिकचा त्यात दोष नव्हता, तो मूळचा मुंबई इंडियन्समध्येच घडलेला खेळाडू. पण तो समोर होता.

या शहराच्या गर्दीला हे वळण कुठून लागलं, त्याचा माग फार मागे जातो.

मुंबईत क्रिकेट बघायला गर्दी जमू लागली ती युरोपियन विरुद्ध पारशी सामन्यांपासून. १९०७ साली हिंदू संघ आला आणि स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ साली मुस्लिम संघ आला आणि चौरंगी, १९३७ साली 'इतर' नावाचा संघ येऊन पंचरंगी. म्हणजे माणूस ज्या समाजात जन्मला त्याच समाजाचा पाठीराखा म्हणून मैदानात बसायचा. समाजाचं जे काही बरं-वाईट होतं, ते त्याच्याबरोबर आत यायचं.

सगळ्यात लख्ख दिसतं ते बाळू पालवणकरांच्या कहाणीत. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात युरोपियनांच्या क्लबवर नोकर म्हणून खेळपट्टीची देखभाल करायचा आणि साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकायचा. पुण्याच्या हिंदू संघाला जिंकायचं होतं, म्हणून त्यांनी बाळूंना घेतलं. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते मिळालं त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना, १९२३ साली. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेऊन मिरवलं. ज्यांची सावलीही एरवी चालत नव्हती, त्यांचे पाय खांद्यावर. मी हा प्रसंग नुसता आनंदाचा म्हणून वाचू शकत नाही. दुसऱ्या दिवशी त्या खांद्यांनी काय केलं असेल, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. गांधीजींनी १९४० साली धर्मावर बेतलेल्या या स्पर्धेला उघड विरोध केला. १९४६ नंतर ती खेळली गेली नाही.

१९३३ सालच्या डिसेंबरात बॉम्बे जिमखान्यावर भारतभूमीवरची पहिली कसोटी झाली. लाला अमरनाथ यांनी दुसऱ्या डावात ११८ धावा केल्या, तेव्हा बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. इंग्लंडने तो सामना ९ गडी राखून जिंकला. हरलेल्या सामन्यात सोनं वाहणारं हे शहर पुढे छत्तीस वर्षांनी ब्रेबॉर्नवर खुर्च्या आणि बाटल्या फेकताना दिसतं. नोव्हेंबर १९६९, ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी. वेंकटराघवनला यष्टिरक्षकाकरवी झेलबाद दिलं गेलं. प्रेक्षकांच्या मांडीवर ट्रान्झिस्टर होते, आणि त्यातून समालोचक सांगत होता की चेंडू बॅटला लागलाच नाही. डोळ्यांपेक्षा कानाने पाहिलेला अन्याय जास्त पेटला. स्टँडमध्ये आगी लागल्या.

ट्रान्झिस्टरबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्याने खेळ घराघरांत नेला. बाळ ज. पंडित यांच्या मराठी समालोचनाने आणि महाराष्ट्र टाइम्समधल्या वि. वि. करमरकरांच्या क्रीडापानाने खेळाला मराठी जीभ दिली. इंग्रजी न येणाऱ्या आजीलाही पायचीत आणि त्रिफळाचीत यांतला फरक कळू लागला. आणि मग ती भाषा मैदानाबाहेर आली. मुलगा परीक्षेत नापास झाला की 'विकेट गेली', साहेबाने अवघड प्रश्न टाकला की 'गुगली', म्हातारा आजारातून उठला की 'अजून नॉट आउट'. असे शब्द रोज तोंडात असले की खेळ आणि संसार वेगळे काढता येत नाहीत.

यानंतरची चार वर्षं, १९७१ ते १९७४, हा या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे.

१९७१ च्या सुरुवातीला अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडिजला गेला आणि तिथे पहिल्यांदाच मालिका जिंकून आला. सुनील गावसकर नावाच्या नवख्या मुलाने चार कसोटींत ७७४ धावा केल्या. ऑगस्टमध्ये ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडमध्येही पहिली मालिका खिशात आली. तो गणेश चतुर्थीचा दिवस होता. तिथल्या भारतीय पाठीराख्यांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती. गणपतीच्या दिवशी हत्ती आणि विजय! इथे मखरासमोर रेडिओ ठेवून बसलेल्या घरांना आणखी काय हवं होतं? संघ परतला तेव्हा मुंबईने रस्त्याच्या दुतर्फा उभं राहून त्याला पाहिलं.

त्या संघावरच्या प्रेमाचं एक कारण असं होतं की ती माणसं लोकांना आपल्यातली वाटत. वाडेकर स्टेट बँकेत, गावसकर निरलॉन कंपनीत, नोकरी सांभाळून खेळणारे. एकनाथ सोलकरचे वडील हिंदू जिमखान्याचे माळी, कुटुंब तिथेच एका खोलीत राहायचं, आणि पोरगा शॉर्ट लेगला फलंदाजाच्या नाकासमोर उभा राहून झेल घ्यायचा. हेल्मेटशिवाय. मुंबईत ज्याला 'खडूस' म्हणतात, तसा. जागा थोडी, पण सोडायची नाही.

मग दिवस फिरले. १९७२ चा दुष्काळ आला. खेड्यापाड्यांतून माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली, शहरांत रेशनच्या रांगा लांबल्या. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यामागे मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. १९७४ मध्ये महागाईचा दर २० टक्क्यांच्या पुढे गेला होता. मे महिन्यात रेल्वेचा संप झाला, वीस दिवस चालला आणि मोडला. या सगळ्याच्या बरोबर पुढच्या महिन्यात, २४ जूनला, लॉर्ड्सवर भारत सर्वबाद ४२.

इंग्लंडने ६२९ धावा केल्या होत्या. भारताने पहिल्या डावात ३०२ केल्या, फॉलोऑन मिळाला, आणि दुसरा डाव १७ षटकांत आटोपला. दोन आकडी धावा एकट्या सोलकरने केल्या, नाबाद १८. एक डाव आणि २८५ धावांनी हार. मालिका ०-३.

ज्या वाडेकरांना तीन वर्षांपूर्वी हार घातले होते, त्यांच्या घरावर दगड पडले. इंदूरमध्ये १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून सिमेंटची भलीमोठी बॅट उभारली होती, तिचीही विटंबना झाली. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातून वगळण्यात आलं आणि ते निवृत्त झाले. भारताला परदेशात जिंकायला शिकवणारा कर्णधार तेहेतिसाव्या वर्षी संपला.

दगड मारणाऱ्यांचं समर्थन मी करणार नाही. कोणाच्या घरावर दगड मारणं हे पाप आहे, आणि त्या घरात बायको-मुलं होती. पण त्या जूनमधला माणूस मला दिसतो. गोडेतेल परवडत नाही, संपात गेलेला पगार परत येणार नाही, आणि एवढ्या सगळ्यात जी एक गोष्ट छाती वर करून सांगता येत होती, तीही गेली. सरकारच्या दारापर्यंत त्याचा हात पोहोचत नव्हता. वाडेकर मात्र याच शहरात राहत होते.

हेच पुन्हा घडलं, पण उलट्या क्रमाने. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं घरी. लालबाग-परळमधल्या खोल्यांतून आधी दागिने गेले, मग भांडी, मग काही जण गावी कोकणात, साताऱ्याकडे निघून गेले. संपाला सतरा महिने झाले असताना, २५ जून १९८३ ला, १८३ धावांत गुंडाळला गेलेला भारतीय संघ वेस्ट इंडिजला १४० मध्ये गुंडाळून विश्वचषक घेऊन आला. त्या संघात आपला संदीप पाटील होता, गावसकर होता, ग्रीनिजचा त्रिफळा उडवणारा बलविंदर संधू होता. त्या रात्री बंद गिरण्यांच्या सावलीतल्या चाळींतही फटाके वाजले. ते पैसे कुठून आले असतील याचा विचार करवत नाही. संप कधीच अधिकृतपणे मिटला नाही, तो नुसता विरून गेला. आणि विश्वविजेत्यांनी त्याच हिवाळ्यात क्लाइव्ह लॉइडच्या वेस्ट इंडिजकडून घरच्या मैदानांवर कसोटी मालिका ०-३ आणि एकदिवसीय मालिका ०-५ अशी गमावली.

१९९६ मध्ये विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर बाटल्या पडल्या, सामना श्रीलंकेला बहाल झाला आणि विनोद कांबळी रडत बाहेर आला. २००६ मध्ये वानखेडेने खुद्द सचिनची, एका धावेवर बाद झाल्यावर, हुर्यो उडवली. पाच वर्षांनी, विश्वचषक जिंकल्यावर, त्याच वानखेडेवर त्याला खांद्यावर घेऊन फिरवलं गेलं. चक्र तेच, त्यात नवं काही नाही.

वेगळं आहे ते १९९१ च्या मे महिन्यातलं. रणजी अंतिम सामना, वानखेडे, हरियाणाविरुद्ध ३५५ धावांचं लक्ष्य. १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षं रणजी करंडक जिंकणाऱ्या मुंबईला पाच मोसम तो मिळालेला नव्हता. ३ बाद ३४ वरून अठरा वर्षांच्या सचिनने ९६ धावा तडकावल्या, आणि मग दिलीप वेंगसरकर शेवटच्या गड्याला, अबे कुरुविलाला, सोबत घेऊन धाव-धाव जवळ येत राहिला. जिंकायला तीन हव्या असताना कुरुविला धावचीत झाला. वेंगसरकर १३९ नाबाद. तो मैदानातच रडला.

कोणी दगड मारला नाही. जिंकण्याची सवय असलेलं शहर दोन धावांनी हरलं आणि आपल्या माणसाबरोबर रडलं. मला वाटतं, ती गर्दी वेंगसरकरला मैदानांवरून, पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगच्या चिखलातून, दादर-माटुंग्याच्या फुटपाथवरून ओळखत होती. त्याने सर्व केलं होतं आणि तरी पुरलं नव्हतं, ही गोष्ट तिथल्या प्रत्येकाने घरी कधी ना कधी भोगली होती. देशाच्या संघाकडे माणूस आपलं राहून गेलेलं सगळं मागतो. गावच्या संघाकडे एवढं मागत नाही, त्याच्याबरोबर बसतो.

दगडांनंतर अजित वाडेकर बँकेत परतले आणि मोठ्या पदापर्यंत गेले. १९९२ मध्ये त्यांना भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणून बोलावलं गेलं आणि त्यांनी होकार दिला. १९९३ च्या फेब्रुवारीत इंग्लंडविरुद्धची तिसरी कसोटी वानखेडेवर होती. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींनी शहर जळून निघालं होतं, लोकल निम्म्या रिकाम्या धावत होत्या, माणसं शेजाऱ्याकडे पाहताना नजर चुकवत होती. अशा शहरात लोक पुन्हा मैदानात येऊन बसले. मोहम्मद अझरुद्दीन कर्णधार होता. विनोद कांबळीने २२४ धावा केल्या. भारत एक डाव आणि १५ धावांनी जिंकला, आणि मालिका ३-० झाली, १९७४ चाच आकडा, इंग्लंडकडून आपल्याकडे आलेला. वाडेकर तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये होते, आणि बाहेर त्यांच्याच शहरातले लोक टाळ्या वाजवत होते.