सैतानाच्या माथी मारलेला गुन्हा

पाद्र्याने मुलावर अत्याचार केला की ‘सैतानाने त्याला मोहात पाडलं’ हे ठरलेलं उत्तर येतं. 2019 च्या फेब्रुवारीत व्हॅटिकनच्या परिषदेत पोप फ्रान्सिस यांनीही अशा पाद्र्यांना सैतानाचं हत्यार म्हटलं. पण अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील ग्रँड ज्युरीचा, म्हणजे गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचा, 2018 चा अहवाल वाचा. तीनशेहून अधिक पाद्री, हजाराहून अधिक बालपीडित. तक्रारींचे कागद बिशपच्या गुप्त कपाटात, किल्ली त्याच्याच हाती. आरोप झालेल्या पाद्र्यांच्या बदलीचे आदेश माणसांनीच काढले, बलात्काराला सौम्य शब्द माणसांनीच शोधले. सैतानाचं नाव घेतलं की यातल्या कुणालाच जाब विचारता येत नाही. आणि ते मूल? आपल्यातच काही अपवित्र शिरलंय, या भीतीने ते वर्षानुवर्षं गप्प राहू शकतं.