वाचनाचा अनुशेष

वाचनाचा अनुशेष : वाचायची म्हणून विकत घेतलेली, भेट मिळालेली किंवा उसनी आणलेली, पण अजून न वाचलेली पुस्तके. शब्दकोश, नकाशासंग्रह यांसारखे संदर्भग्रंथ यात मोजत नाहीत, कारण ते सलग वाचण्यासाठी नसतातच. हा अनुशेष भरून काढणे म्हणजे नवी खरेदी आवरून घरातली पुस्तके एकेक करून हातावेगळी करणे. हातावेगळे झालेले प्रत्येक पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेले असावे, अशी अट मात्र नाही.

जपानी भाषेत या साठ्याला ‘त्सुंदोकु’ असा नेमका शब्द आहे. मेइजी काळात (१८६८–१९१२) रूढ झालेला हा शब्द ‘रचून ठेवणे’ आणि ‘वाचणे’ यांच्या जोडणीतून झालेली कोटी आहे. तक्रार मात्र त्याहून कितीतरी जुनी. इ.स. पहिल्या शतकात रोमन तत्त्ववेत्ता सेनेका याने मिरवण्यासाठी ग्रंथ जमवणाऱ्यांवर कडक टीका केली. अनेकांच्या लेखनात भटकण्यापेक्षा मोजक्या लेखकांना वाहून घ्यावे, असे त्याचे मत होते. त्याचा रोख दिखाऊ संग्राहकांवर होता. ज्याला खरोखर वाचायचे आहे पण जमलेले नाही, अशा माणसाला ती टीका लावणे अन्यायाचे होईल.

ढीग वाढण्याचे मुख्य कारण साधे आहे : पुस्तक घ्यायला काही मिनिटे पुरतात, वाचायला अनेक तास लागतात. त्यात नवे पुस्तक उत्सुकता ताजी असल्याने आधी उघडले जाते आणि तळातली पुस्तके आणखी तळाला जातात. ई-पुस्तकांच्या बाबतीत तर ढीग डोळ्यांना दिसतही नाही, त्यामुळे एकच शीर्षक कागदी आणि डिजिटल असे दोनदा घेतले जाते.

दिवसाला २० पाने वाचणारा माणूस वर्षाला ७,३०० पाने, म्हणजे २५० पानांची सुमारे २९ पुस्तके वाचतो. इंग्रजी ललितेतर गद्य मनात वाचण्याचा प्रौढांचा सरासरी वेग मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिस्बार्ट यांच्या २०१९ च्या आढाव्यात मिनिटाला सुमारे २३८ शब्द निघाला. पानाला ३०० शब्द धरले तर त्या वेगाने २० पानांना जेमतेम २५ मिनिटे लागतात. आता या वाचकाकडे १२० पुस्तके साचली आहेत आणि वर्षाला २३ नवी येतात असे समजू. ढीग वर्षाला फक्त सहाने घटेल आणि संपायला २० वर्षे जातील. नवी पुस्तके नऊवर आणली, तर वाचनाचा वेग तसूभरही न वाढवता हेच काम सहा वर्षांत होते. म्हणून ‘दोन वाचली की एक घ्यायचे’ यासारखे नियम जलद वाचनाच्या तंत्रांपेक्षा अधिक उपयोगी पडतात. पुस्तकांच्या संख्येवर मात्र फार नजर ठेवू नये. तसे केल्यास बारीक पुस्तके आधी उचलली जातात आणि ज्या जाडजूड ग्रंथासाठी एवढा खटाटोप चालला आहे, तो जागचा हलत नाही.

कामाची सुरुवात सहसा सगळी पुस्तके एका जागी आणून यादी करण्याने होते. उसनी आणलेली आधी वाचावीत, हे सांगायला नको. संगणक किंवा कायदा अशा विषयांवरची पुस्तके लवकर जुनी होतात. त्यांतली काही या टप्प्यावरच बाद होतात.

खरी अडचण पुढे येते. दहा वर्षांपूर्वी एखादा विषय शिकायचा म्हणून पाच पुस्तके घेतली, आणि मग तो विषय आयुष्यातून निघून गेला. पुस्तके घेणारा आणि आज ती हातात धरणारा माणूस आता एक नाही. अशा वेळी पुस्तक ठेवणे हे जुन्या इच्छेला दिलेल्या शब्दासारखे वाटते, आणि ते काढून टाकताना मन अडखळते. यावर विचार करत बसण्यापेक्षा पुस्तक उघडून वाचून पाहणे हाच भरवशाचा उपाय आहे. ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम असा की आधी ५० पाने वाचावीत आणि मग पुढे जायचे की थांबायचे ते ठरवावे. वय पन्नाशीपुढे गेले असेल तर १०० मधून वय वजा करून उरेल तेवढीच पाने पुरेत. पुष्कळदा असेही होते की वर्षानुवर्षे टाळलेले पुस्तक विसाव्या पानावर धरून ठेवते, कारण ते पेलण्याइतकी वाचकाची तयारी मधल्या काळात झालेली असते. हा आनंद नव्या खरेदीत मिळत नाही.

जी वाचायची नाहीत ती दुसऱ्याला द्यावीत. ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा’ हे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या पाच ग्रंथालय-सूत्रांपैकी तिसरे सूत्र. ते घरच्या कपाटालाही लागू पडते. देण्यापूर्वी पाने एकदा चाळावीत. आत चिठ्ठ्या, छायाचित्रे, पहिल्या पानावर कुणाच्या हस्ताक्षरातल्या दोन ओळी सापडतात. अशा ओळी असलेले पुस्तक न वाचताही ठेवावेसे वाटले, तर ते यादीतून काढून वेगळ्या फळीवर ठेवावे.