उद्योजक-भागीदारीतून रोजगार (कोल्हापूर)

शासनाच्या अनुदानावर, निवृत्तिवेतनावर किंवा रेशनच्या धान्यावर ज्यांचे घर चालते, त्यांना पगारी काम मिळवून देण्याची आणि त्या कामावर टिकवण्याची एक पद्धत. रोजगार मेळाव्यात उद्योजक शेवटी भेटतो. टेबल मांडतो, अर्ज घेतो, संध्याकाळी निघून जातो. या पद्धतीत तो आधीपासून बसलेला असतो. कोणाला घ्यायचे, काय शिकवायचे, पहिला पगार कधी हातात पडेल, पोर आजारी पडले तर काय, हे सगळे त्याच्यासमोर आणि त्याच्या संमतीने ठरते. शासन, प्रशिक्षण संस्था आणि बचत गटांचे जाळे हे बाकीचे भागीदार.

काम मिळवून देणे हा या पद्धतीचा सोपा भाग आहे. कोल्हापुरात हात हवे असलेल्या कारखान्यांची वाण कधीच नव्हती. अवघड असतात ते पहिले तीन-चार महिने.

पूर्वपीठिका. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. तो हुकूम सरकारी नोकरीपुरता होता. प्रस्तुत विषयाला जास्त जवळची गोष्ट गंगाराम कांबळे यांची आहे. राजवाड्याच्या पागेत नोकरीला असलेल्या कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. पुढे महाराजांच्या मदतीने त्यांनी शहरात चहाचे दुकान काढले. दुकानाला भांडवल मिळाले, पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा स्वतः महाराज गाडी थांबवून तिथे चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. मदतीसोबत गिऱ्हाईक आणून दिल्याचे हे उदाहरण आहे. आजच्या भाषेत सांगायचे, तर पुरवठ्याइतकीच मागणीची बाजू बांधून घेतली.

कायद्याच्या अंगाने पाहिले, तर १९५९ च्या सेवायोजन कार्यालयांच्या कायद्याने २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा कळवण्याचे बंधन घातले. घेण्याचे मात्र नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने त्यापुढे एक पाऊल टाकले आणि कारखान्यालाच शिक्षणाचा भाग केले.

इतर देशांतले प्रयोग. ही कल्पना धोरण म्हणून गाजली ती अमेरिकेत. १९९६ च्या कायद्याने तिथे १९३५ पासून चालत आलेली गरीब कुटुंबांची रोख मदत बंद झाली. तिच्या जागी आलेल्या योजनेत काम करण्याची अट होती आणि आयुष्यात साधारणतः पाच वर्षांची मर्यादा होती. लाखो आया, बहुतेक एकट्या, कामाच्या शोधात निघाल्या आणि मोठ्या कंपन्यांना भागीदार म्हणून पुढे आणण्यात आले. विचिटा शहरातल्या सेस्ना या विमान कंपनीने त्याआधीपासूनच एक केंद्र चालवले होते. प्रशिक्षण पुरे करणाऱ्याला कंपनीतच नोकरी, आणि मुलांना सांभाळण्याची सोय त्याच आवारात. पाळणाघर आणि यंत्र एका छताखाली आणणे ही तशी साधी बाब, पण तिच्यावरच पुष्कळ काही उभे राहते.

ब्रिटनने २०११ ते २०१७ या काळात वेगळा मार्ग घेतला. मध्यस्थ संस्थांना पैसे मिळायचे ते मुख्यतः माणूस कामावर टिकल्यावर. बहुतेक गटांसाठी २६ आठवडे, अवघड गटांसाठी १३. कागदावर हे चोख होते. प्रत्यक्षात संस्थांनी लवकर कामाला लागतील असे उमेदवार पुढे केले आणि आजारी, अपंग, दीर्घकाळ घरी बसलेले मागे ठेवले, अशी टीका झाली. टिकण्यावर पैसे बांधताना हा धोका कोल्हापुरातही ध्यानात ठेवावा लागेल.

कोल्हापूरची घडण. जिल्ह्यात १२ तालुके. काम आहे पूर्वेच्या पट्ट्यात : शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत, इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीची चांदी. शहरात शिवाजी उद्यमनगर आहेच, जिथे पत्र्याच्या एका शेडमध्ये लेथवर शिकलेल्या माणसाने पुढे स्वतःची शेड टाकावी, ही परंपरा आहे. गरज जास्त आहे ती पश्चिमेला, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगराळ तालुक्यांत. तिकडे भात, नाचणी, थोडा ऊस आणि मुंबईला गेलेली माणसे. मधले अंतर बसने कापायचे असते.

समजा, राधानगरी तालुक्यातल्या एका विधवेला शिरोलीतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, कोअर शॉपमध्ये काम लागले. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, जिथे पोकळी हवी असते, तिथे बसवायचा वाळूचा भाग म्हणजे कोअर. वाळूत सोडियम सिलिकेट मिसळायचे, ती कोअर बॉक्समध्ये दाबून भरायची, कार्बन डायऑक्साइड सोडायचा. थोड्याच वेळात वाळू दगडासारखी होते. मग बॉक्स उघडून कोअर न मोडता काढायचा, कडा घासायच्या, रंग द्यायचा. भट्टीपुढच्या कामाइतका हा भाग अंगावर येत नाही, पण हात हलका लागतो. जात्यावर, चुलीवर, लावणीला घडलेला हात हे काम पंधरा दिवसांत धरतो. म्हणजे कौशल्याचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला.

आता तिचा दिवस. पहिली शिफ्ट सकाळी सातला धरली, तर गावातून पहाटेची एसटी हवी. ती मिळाली तरी रंकाळा स्टँडवर उतरून पुन्हा शिरोलीची गाडी पकडायची. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट असल्याने भाड्याचे ओझे कमी झाले, वेळेचे नाही. गाडी चुकली की गेटवर उशीर, दोन-तीन उशिरांचा अर्धा दिवस, अर्ध्या दिवसाला कंटाळून तिसऱ्या दिवशी खाडा. सुपरवायझर म्हणतो, ‘बाई नियमित नाहीत’. खरे तर गाडी नियमित नव्हती. वसाहतीतल्या चार कारखान्यांनी मिळून पश्चिमेच्या एका मार्गावर गाडी लावली किंवा शिफ्टची वेळ अर्धा तास सरकवली, तर हाच खाडा बंद होऊ शकतो. एकट्या छोट्या फाउंड्रीला ते परवडत नाही. उद्योजकांच्या संघटना या भागीदारीत हव्यात त्या यासाठी.

पहिल्या पगाराची तारीख. मजुरीवर जगणाऱ्या घरात पैसा रोजचा किंवा आठवड्याचा असतो. बाजाराच्या दिवशी हिशेब होतो. कारखान्यात पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत. दोन तारखेला कामावर लागलेल्या माणसाच्या हातात पहिला पगार पडायला पस्तीस दिवस जाऊ शकतात, आणि तेवढ्यात बसभाडे, डबा, सुरक्षा बूट आणि किराणा हे सगळे आधी लागते. यावर जुना इलाज म्हणजे उचल. ठेकेदार उचल देतो, पण ती देऊन माणूस बांधूनही घेतो. भागीदारीच्या करारात पहिल्या दोन महिन्यांचा पगार आठवड्याला देण्याचे कलम असणे हे बहुतेक प्रशिक्षणांपेक्षा उपयोगी आहे, असे या नोंदीच्या लेखकाचे मत.

केंद्राच्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत (२०१४) ही अडचण ओळखलेली दिसते. कामावर लागल्यानंतर दरमहा १,००० रुपयांची मदत तिच्यात ठेवली होती : जिल्ह्यातच काम असेल तर दोन महिने, जिल्ह्याबाहेर तीन, राज्याबाहेर सहा. या योजनेत उमेदवार सलग तीन महिने कामावर राहिला तरच नोकरी लागली असे धरले जाते. डिसेंबर २०२२ मध्ये तिच्यात उद्योजकालाच प्रशिक्षक करणारा प्रकार आला. कंपनीने स्वतः शिकवायचे आणि निदान सहा महिने स्वतःकडे किंवा आपल्या उपकंपनीत कामावर ठेवायचे.

अनुदान जाण्याची भीती. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून आहे. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराचे रुग्ण, देवदासी अशांना तिचा आधार असतो. २०२३ पासून सर्वसाधारण अनुदान महिना १,५०० रुपये आहे. पात्रतेची मर्यादा मात्र कुटुंबाच्या वर्षाच्या २१,००० रुपयांची, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. अपंगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनसाठी ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये. महिन्याला १२,००० मिळू लागले की वर्षाचे १,४४,००० होतात आणि या सगळ्या रेषा या एकट्या पगाराने ओलांडल्या जातात.

गंमत म्हणजे २१,००० हाच आकडा दुसऱ्या कागदावरही आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत बसण्यासाठी महिन्याचे वेतन २१,००० पर्यंत लागते. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के भरले जातात. त्यावर कामगाराला आणि घरच्यांना उपचार मिळतात. एका कागदावर वर्षाला २१,००० च्या आत असाल तर निराधार, दुसऱ्यावर महिन्याला २१,००० च्या आत असाल तर विमाधारक. या दोन कागदांमध्ये जे पडते, त्याची भीती बाईला असते. नोकरी तीन महिन्यांत सुटली तर? अनुदानाच्या यादीतून नाव एकदा गेले की परत चढवायला तलाठ्याकडचा उत्पन्नाचा दाखला, तहसील, तालुक्याची समिती असे सगळे फेरे आले. म्हणून ती ठेकेदाराला सांगते, ‘दादा, रोखच द्या, नाव लावू नका.’ ठेकेदाराला हेच हवे असते. नाव नाही म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा फंड नाही, विमा नाही, आणि बोट मशीनमध्ये गेले तर पुरावाही नाही.

हा हिशेब तिच्यासमोर कागदावर मांडणे हे बाई आणि कारखाना यांना जोडणाऱ्या मध्यस्थाचे पहिले काम. काय जाईल, काय राहील, काय नवे मिळेल. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेची (२०२४) मर्यादा कौटुंबिक उत्पन्नाच्या अडीच लाखांची आहे, त्यामुळे एवढ्या पगाराने त्या योजनेतली पात्रता जात नाही. बहुतेक बायकांना हे कोणी समजावून सांगत नाही. हा हिशेब सांगायला उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचत गटांतली समुदाय संसाधन व्यक्ती, म्हणजे गटांना मदत करणारी प्रशिक्षित बाई, सगळ्यांत योग्य. ती त्याच गावची असते आणि कोणाच्या घरी काय शिजते ते तिला ठाऊक असते. अनुदान लगेच न तोडता सहा महिने राखून ठेवण्याची तरतूद झाली, तर ही भीती निम्म्याने कमी होईल.

अपंगांचा रोजगार हा कोल्हापूरचा जुना अनुभव आहे. नसीमा हुरजूक आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये उभ्या केलेल्या हेल्पर्स ऑफ द हॅन्डीकॅप्ड या संस्थेने वसतिगृह, शिक्षण, कृत्रिम साधने आणि काम एकत्र आणले. पुढे सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचा उद्योगही काढला. राहणे आणि काम जवळजवळ असले, की प्रवासाचा प्रश्नच उरत नाही, हे तिथे दिसते.

उद्योजकाची बाजू. छोट्या कारखानदाराला दोष देणे सोपे आहे. त्याची ऑर्डर ट्रॅक्टर आणि वाहन कंपन्यांच्या वेळापत्रकावर चालते. मंदी आली की शिफ्टच बंद. पूर वेगळाच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा माल आणि माणूस दोन्ही अडकले. त्यात कायम करण्याची धास्ती : २४० दिवस भरायच्या आत ब्रेक द्यायचा, म्हणजे कामावरून तात्पुरते कमी करायचे, हा वसाहतीत सर्रास चालणारा प्रकार. टिकवण्याच्या कुठल्याही योजनेला तो मुळातून सुरुंग लावतो.

शासनाचा पैसाही नेहमी टिकण्याच्या बाजूने पडत नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत (२०२४) शिक्षणानुसार ६,०००, ८,००० आणि १०,००० रुपये विद्यावेतन शासन देते. मुदत आधी सहा महिने होती, पुढे वाढवली गेली. उद्योजकाला फुकट हात मिळतो, पण मुदत संपल्यावर ठेवून घेण्याचे बंधन नाही. मुदत संपली की पुन्हा कामावर घ्या म्हणून मोर्चे निघाले, ते याच कारणाने.

१ ऑगस्ट २०२५ पासूनच्या केंद्राच्या विकसित भारत रोजगार योजनेत मात्र पैसा टिकण्याला बांधला आहे. भविष्य निर्वाह निधीत पहिल्यांदा नोंदणी झालेल्या कामगाराला एका महिन्याच्या वेतनाएवढी, कमाल १५,००० रुपयांची रक्कम दोन हप्त्यांत मिळते, पहिला हप्ता सहा महिन्यांनी, दुसरा बारा महिन्यांनी. वाढीव कामगार सहा महिने टिकवणाऱ्या मालकाला त्या प्रत्येकामागे दरमहा ३,००० रुपयांपर्यंत. ३१ जुलै २०२७ पर्यंत निर्माण झालेल्या नोकऱ्यांना ती लागू आहे. राधानगरीच्या त्या बाईला ही योजना लागू व्हायची, तर आधी तिचे नाव लागायला हवे. आणि जानेवारीत कामावर घेतले, तर तिचे सहा महिने भरतात जुलैत. त्याच वेळी गावात भातलावणी असते, शेजारच्या बायका पैऱ्याला, म्हणजे आळीपाळीने एकमेकींच्या शेतात राबायला, बोलवायला आलेल्या असतात, आणि पंचगंगेचे पाणी रस्त्याकडे यायला लागलेले असते.