जुन्या डेटात सापडलेला स्फोट

डेव्हिड नार्केविच अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात पदवीला होता. प्राध्यापक डंकन लॉरिमर यांनी त्याच्या हाती ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीचा २००१ सालचा डेटा दिला. मॅजेलनचे मेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेशेजारच्या दोन छोट्या दीर्घिका. त्यांच्याकडे पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओलहरींचे ठोके देणारे तारे, शोधताना केलेली ती निरीक्षणं आधी एकदा तपासून झाली होती, पण तेव्हा असे नियमित येणारे ठोकेच शोधले होते. एकदाच येऊन गेलेला ठोका त्या पद्धतीने निसटू शकतो. नार्केविचने नेमके तेच शोधायला घेतले, आणि पाच मिलिसेकंदांपेक्षाही कमी टिकलेला एक प्रचंड तीव्र ठोका त्याला दिसला.

तो दूरचा आहे हे कशावरून? अवकाशात सगळीकडे विरळ इलेक्ट्रॉन आहेत. त्यांच्यातून येताना कमी वारंवारतेच्या रेडिओलहरी जास्त वारंवारतेच्या लहरींच्या मागे पडतात. वाटेत इलेक्ट्रॉन जितके जास्त, तितकी पिछाडी मोठी. या ठोक्यात दुर्बीण टिपते त्या वारंवारतांच्या पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या टोकांमध्ये सुमारे एक तृतीयांश सेकंदाचा फरक होता. त्या दिशेला आपल्या आकाशगंगेतले इलेक्ट्रॉन धरले तरी एवढी पिछाडी भरत नाही. म्हणजे उगम आकाशगंगेच्या बराच बाहेर! २००७ मध्ये निबंध आला तेव्हा अनेकांनी शंका घेतली. पार्क्सलाच टिपलेले काही फसवे संकेत तर चक्क मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार मध्येच उघडल्यामुळे येत होते, हे २०१५ मध्ये उघड झालं. पण हा पहिला ठोका खरा ठरला. अशा घटनांना आज ‘फास्ट रेडिओ बर्स्ट’ म्हणतात.

पदवीच्या मुलांना ‘खरं’ संशोधन जमणार नाही असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो. जुना डेटा नव्या प्रश्नासह चाळायला वेळ आणि चिकाटी लागते, आणि सुट्टीत या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांकडे असतात. अमेरिकेतली राष्ट्रीय रेडिओ वेधशाळा तर १९५९ पासून उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना कामाला घेते आहे.

आपल्याकडे पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका (खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठ केंद्र) आणि एनसीआरए (राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र) शेजारी शेजारी आहेत. दोन्हीकडे सुट्टीत विद्यार्थी प्रोजेक्टला येतात. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचा संकेत वेगळा नोंदला जातो. एक अँटेना बिघडली की २९ जोड्या नासतात. मोबाइल, विजेच्या तारा यांचा गोंगाट त्यात आणखी भर घालतो. आलेख काढून कुठला तुकडा टाकायचा, कुठला ठेवायचा हे ठरवण्यात नवख्याचे सुरुवातीचे दिवस जातात. हे काम कंटाळवाणं वाटतं खरं, पण दुर्बीण कळते ती इथेच. चुकीचा तुकडा ठेवला तर अंतिम चित्रात नसलेले पट्टे उमटतात, आणि घाईने जास्त टाकलं तर अंधुक दीर्घिका हरवते.

तयारीसाठी निवड होण्याची वाट पाहायला नको. लिनक्स आणि पायथन आजच शिकता येतं. जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या आकाश सर्वेक्षणातल्या सुमारे ६ लाख २० हजार रेडिओस्रोतांची यादी आणि चित्रं सर्वांसाठी खुली आहेत. भारतातल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी फेलोशिप देतात, तीही पाहावी. पात्रता संस्थेगणिक बदलते, म्हणून संकेतस्थळं दिवाळीपासूनच बघत राहा, आणि शिफारसपत्रासाठी सरांना किंवा मॅडमना शेवटच्या दिवशी गाठू नका.